नोकरी शोधणाऱ्या मुलाच्या हाती आधी कागद द्या

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या दुकानात गिऱ्हाइकांखेरीज आणखी एक मंडळी येऊ लागतात. वडील पुढे, मुलगा मागे. चार इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात, कापडाचा भाव विचारून होतो आणि मग वडील मुद्द्यावर येतात.

"भाई, तुमची बोईसरपासून वापीपर्यंत ओळख आहे. पोराला कुठेतरी चिकटवून द्या. काहीही काम करील."

मी विचारतो, "काय येते याला?"

"सगळे येते."

"कागद काय काय आहेत?"

"दाखला असेल घरी. आधार आहे. बाकी बघावे लागेल."

मुलाकडे पाहावे तर तो जमिनीकडे पाहत असतो. वास्तविक त्याला पुष्कळ काही येत असते. कोणी मामाच्या गॅरेजमध्ये दोन वर्षे काढलेली असतात, कोणी बापाच्या मशीनवर बसून शर्टाची कॉलर सफाईने बसवतो, कोणी वेल्डिंगच्या दुकानात हात काळे केलेले असतात. परंतु हे कोणी त्याला विचारलेले नसते आणि कोठे लिहिलेलेही नसते. "काहीही काम करील" असे ज्याच्याविषयी सांगितले जाते, त्याच्या वाट्याला शेवटी हमालीच येते, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

आपल्या समाजात बेकारीची चर्चा खूप होते. पक्षपात होतो ही तक्रारही होते आणि ती सर्वस्वी खोटी नाही. पण आज मला त्या गोष्टीबद्दल लिहावयाचे आहे जी आपल्या हातात आहे आणि जी आपण करीत नाही. आपली मुले हुनर असूनही बेकागदी राहतात आणि त्यांना बेकागदी ठेवण्यात आपणा व्यापारी-कारागिरांचा मोठा वाटा आहे.

माझ्याच दुकानातली गोष्ट

दुसऱ्याला दोष देण्याआधी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक होतकरू मुलगा होता. सहा वर्षे काम केले. तागे मोजणे, माल उतरवून घेणे, स्टॉकची वही, वसुली, सर्व काही तो सांभाळत असे. त्याला बोईसरच्या बाजूला एका मोठ्या गोदामात स्टोअरची जागा मिळण्याचा योग आला. तेथे त्याला विचारले, मागच्या नोकरीचा पुरावा काय? तो माझ्याकडे आला. मी दुकानाच्या लेटरहेडवर चांगले पत्र लिहून दिले. त्यांनी पुढचा प्रश्न केला, पगार बँकेत जमा होत होता काय? पी.एफ. नंबर आहे काय? दोन्ही नव्हते. मी त्याला दर महिन्याला रोख देत होतो आणि माझ्या खासगी वहीत मांडून ठेवीत होतो. ती जागा दीड वर्षाचा अनुभव असलेल्या दुसऱ्या मुलाला मिळाली, कारण त्याचे दीड वर्ष कागदावर होते.

मुलगा मला एका शब्दाने बोलला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन गल्ल्याशेजारी उभा राहिला आणि तागे लावू लागला. मला मात्र त्या दिवशी लाज वाटली. २०१७ साली जी.एस.टी. आला तेव्हापासून आपण पक्क्या बिलाशिवाय मिलचा माल उचलत नाही. मग माणसाच्या मेहनतीचा हिशोब तेवढा कच्च्या चिठ्ठीवर का?

कापडधंद्यातल्या जुन्या लोकांना मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार होते. पुढे गिरण्या बंद पडल्या. गिरणी कामगारांना घरे देण्याची योजना झाली आणि म्हाडाने २०१२ साली पहिली सोडत काढली, तेव्हा कामगारांकडे काय मागितले गेले? तिकीट नंबर, लाल पास, लिव्ह बुक, ई.एस.आय. क्रमांक, पगाराची पावती. आयुष्यभर साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसालाही आपण कामगार होतो हे तीस वर्षांनंतर एका जुन्या कागदाने सिद्ध करावे लागले. ज्याने ट्रंकेत पावती जपली त्याचे काम सोपे झाले. हा धडा आपण विसरू नये.

आपल्या भागात काम कोठे आहे

नोकरी शोधायची तर आधी बाजार कोठे भरतो ते पाहावे. केंद्र सरकारने २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला आणि उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा घातली. त्यामुळे आपल्या चिकूच्या वाड्या वाचल्या. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु त्याचबरोबर मोठे कारखाने तालुक्यात आले नाहीत हेही खरे. मसोलीच्या मुलाला कारखान्यातली नोकरी हवी असेल तर त्याला डहाणू रोड स्टेशनवर जावेच लागते. दक्षिणेला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. उत्तरेला गुजरातेत उंबरगाव, सरीगाम, वापी. २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणूपर्यंत येऊ लागली, तेव्हा पालघर, विरारपर्यंतचे कामही आवाक्यात आले.

यात आपल्या मुलांची एक जमेची बाजू आहे, जी त्यांना स्वतःला माहीत नाही. उर्दू शाळेत शिकलेला आपला मुलगा घरी उर्दू बोलतो, बाजारात गुजराती, कचेरीत मराठी आणि परप्रांतीय ड्रायव्हरशी हिंदी. डिस्पॅच, गोदाम, विक्री, ट्रान्सपोर्ट या कामांत चार भाषा बोलणाऱ्या माणसाला किंमत असते. अर्जात ही गोष्ट लिहिलेली मी क्वचितच पाहिली.

दोन गोष्टींची वाट पाहत घरी बसू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. पहिली वाढवण बंदर. त्याला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला त्याचे भूमिपूजन झाले. मच्छीमार बांधवांचा त्याला विरोध आहे, त्यांच्या रोजीचा प्रश्न गंभीर आहे आणि तो वेगळ्या चर्चेचा विषय आहे. पण उद्या तेथे भरती निघाली तरी ती इलेक्ट्रिशियन, वेल्डर, क्रेन ऑपरेटर अशी नावे घेऊनच निघेल. "स्थानिक" एवढ्या एकाच लायकीवर कोणी खुर्ची देणार नाही.

दुसरी गोष्ट आरक्षणाची. जुलै २०१४ मध्ये राज्य सरकारने मुस्लिमांसाठी पाच टक्क्यांचा अध्यादेश काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतील भागाला स्थगिती दिली, शिक्षणातील भाग तेवढा चालू ठेवला. डिसेंबरमध्ये अध्यादेशाची मुदत संपली आणि त्याचा कायदा झाला नाही. मागणी करणाऱ्यांनी ती जरूर करावी. मात्र मोमीन, पिंजारी, तांबोळी, बागवान अशा आपल्यातील अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आधीपासूनच आहेत आणि त्यांतील कितीतरी घरांनी दाखलाच काढलेला नाही. जे मिळालेले आहे ते आधी पदरात घ्यावे.

नाव एकच असू द्या

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिले काम नावाचे. एका मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर "शेख मोहम्मद", आधारवर "मो. शेख" आणि बँकेत नुसते "मोहम्मद" असते. वडिलांचे नाव एके ठिकाणी आहे, एके ठिकाणी नाही. इंग्रजीत लिहिताना तर शेखची तीन आणि मोहम्मदची चार रूपे होतात. आपल्याला ही क्षुल्लक बाब वाटते. कागद तपासणाऱ्या क्लार्कच्या दृष्टीने ती दोन निरनिराळी माणसे असतात.

उपाय असा की मुलगा नववी-दहावीत असतानाच, बोर्डाचा फॉर्म भरण्यापूर्वी, वडिलांनी स्वतः शाळेत जाऊन नाव, जन्मतारीख आणि स्पेलिंग तपासावे. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव येईल तेच पुढे आधार, पॅन आणि बँक सर्वत्र करून घ्यावे. ज्याचे आधीच बिघडलेले आहे त्याने शासनाच्या राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्यावे आणि त्याची प्रत सर्व कागदांना जोडावी.

जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आपली अडचण अशी की आजोबांच्या शाळेच्या नोंदीत पुष्कळदा जातीच्या रकान्यात नुसते "मुसलमान" लिहिलेले असते. तेव्हा आजोबांवर थांबू नये. त्यांचे भाऊ, चुलते, आत्या अशा वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकांच्या नोंदी, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुने खरेदीखत पाहावे. रजिस्टर उर्दूत असेल तर त्याची अधिकृत नक्कल आणि भाषांतर करून घ्यावे. हे काम वेळखाऊ आहे. म्हणूनच जाहिरात निघाल्यावर धावण्यात अर्थ नाही, दोन वर्षे आधी सुरुवात करावी.

हुनर कागदावर आणा

दुसरे काम हुनराचे. ज्याला शिकण्याची उमेद आहे त्याने दहावीनंतर आय.टी.आय. करावे. इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर हे ट्रेड बोईसरलाही चालतात आणि वापीलाही. त्यानंतर अप्रेंटिसशिप. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. हे माहीत असलेला मुलगा कारखान्याच्या गेटवर "काही काम आहे का" असे विचारीत नाही, "आपल्याकडे अप्रेंटिसच्या जागा कधी भरतात" असे विचारतो. या दोन प्रश्नांना मिळणारी उत्तरे वेगवेगळी असतात.

आपण रेल्वेच्या काठावर राहतो, पण रेल्वेकडे पाहत नाही. पश्चिम रेल्वे अप्रेंटिस घेते तेव्हा लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आय.टी.आय.च्या गुणांवर यादी लागते. वय पंधरा ते चोवीस. रेल्वेत शिकून प्रमाणपत्र घेतलेल्यांसाठी पुढे खालच्या श्रेणीच्या भरतीत वीस टक्के जागा राखून ठेवतात. रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेची भाषा निवडताना मराठीही घेता येते आणि उर्दूही. उर्दू माध्यमाच्या किती मुलांना हे ठाऊक आहे? राज्याच्या पोलीस भरतीची लेखी परीक्षा मात्र मराठीतच असते. तेव्हा मराठीचा कंटाळा करून चालणार नाही. मी स्वतः उर्दू शाळेत शिकलो. मराठी अर्ज वाचायला मला एके काळी अर्धा तास लागत असे. रोज वर्तमानपत्राचे एक पान मोठ्याने वाचून ती भीती गेली, दुसरा उपाय नाही.

ज्यांची शाळा सुटली पण हात तयार आहे, त्यांच्यासाठीही वाट आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवलेली आहे. शिंपी, सुतार, लोहार, गवंडी, न्हावी अशा अठरा धंद्यांसाठी सप्टेंबर २०२३ मध्ये पी.एम. विश्वकर्मा योजना निघाली. तिच्यात प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आहे. नोंदणीची चौकशी जवळच्या सेवा केंद्रात करावी. कर्ज ज्यांना नको त्यांनी घेऊ नये, पण ओळखपत्र आणि प्रमाणपत्र घेण्यास काय हरकत आहे?

मुलींचाही विचार करा. शाळेत त्या मुलांपेक्षा पुढे असतात आणि दहावीनंतर घरी बसतात. शिवणकामाचे, संगणकावरील हिशोबाचे प्रमाणपत्र असलेल्या मुलीला घराजवळ इज्जतीचे काम मिळू शकते.

अर्ज आणि मुलाखत

बायोडाटा एका पानाचा असावा. वर नाव आणि फोन नंबर. त्याखाली कोणते काम करता येते ते स्पष्ट शब्दांत: "ओव्हरलॉक व सिंगल नीडल मशीन चालवतो, तीन वर्षे", "स्टॉकची नोंद संगणकावर करतो". "कष्टाळू आणि प्रामाणिक" असे प्रत्येक जण लिहितो, त्याने काही कळत नाही. ज्यांच्याकडे काम केले त्यांचे नाव, काळ आणि फोन द्यावा. मुलाखतीला धुतलेला साधा शर्ट, मूळ कागद एका फाइलमध्ये, नकला दुसऱ्या फाइलमध्ये आणि एक गाडी आधीची. वडिलांनी किंवा मामांनी बरोबर आत जाऊ नये.

स्वतःचे काम स्वतः सांगण्यात आपल्याकडे संकोच केला जातो, जणू तो गर्वच आहे. पण कुरआनात हजरत युसूफ (अलै.) यांचा प्रसंग पाहा. राजासमोर त्यांनी स्वतः सांगितले की कोठारांची व्यवस्था माझ्याकडे द्या, मी राखणही करू जाणतो आणि मला या कामाचे ज्ञानही आहे. काम कोणते हवे आणि आपण त्याला लायक का, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या. हजरत मूसा (अलै.) मदयनला पोहोचले तेव्हा त्यांनी आधी मुलींच्या जनावरांना पाणी पाजून दिले. पुढे त्यातील एकीने वडिलांना सल्ला दिला की यांना कामावर ठेवा, कारण ताकद आणि अमानतदारी ज्याच्यात आहे तोच चांगला नोकर. आजचा मालकही नेमक्या याच दोन गोष्टी पाहतो, काम येते का आणि विश्वास ठेवता येईल का.

ओळखीचा उपयोग करावा, पण ओळख दरवाजापर्यंत नेते. आत गेल्यावर काम दाखवावे लागते. महिनाभरात शिफारशीचे नाव खराब केले तर मागून येणाऱ्या दहा मुलांचा रस्ता बंद होतो.

जेथे आधी पैसे मागतात

नोकरी लावून देण्यासाठी जो आधी पैसे मागतो त्याला सलाम करून परत यावे. बंदरात लावतो, रेल्वेत आतून करतो, असे सांगणाऱ्याला लेखी द्यायला सांगा, तो पुन्हा दिसणार नाही. आखातात जाणाऱ्यांनी एजंटाचा सरकारी परवाना क्रमांक मागावा आणि तो सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावा. भेटीच्या व्हिसावर कामाला पाठवणाऱ्याचे ऐकू नये. जो दहावी पास नाही त्याच्या पासपोर्टला आखाती देशांत नोकरीसाठी जाताना इमिग्रेशनची मंजुरी लागते. दहावीच्या प्रमाणपत्राची किंमत अशी विमानतळावरही कळते.

कामावर लागताना पगार किती एवढेच विचारून थांबू नये. पी.एफ. कापला जातो काय, ई.एस.आय. आहे काय, नेमणूकपत्र मिळेल काय, हेही नम्रपणे विचारावे. पगारातून पी.एफ.साठी बारा टक्के कापले की आपली मुले नाराज होतात आणि "रोख पूर्ण द्या" म्हणतात. पण मालकालाही त्यात भर घालावी लागते, आणि तो नंबर म्हणजे तुमच्या अनुभवाचा असा पुरावा आहे जो कोणी नाकारू शकत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांत प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देण्याचे बंधन आहे.

व्यापारी बंधूंना दोन शब्द

शेवटी आपल्याच जमातीला सांगतो. मुलांना कागद कोण देणार? पहिली नोकरी बहुधा आपल्याच दुकानात, आपल्याच गॅरेजमध्ये, आपल्याच शिलाईच्या खोलीत होते. तेथे तीन गोष्टी करणे कोणालाही अवघड नाही. पगार बँकेत जमा करा. कामावर घेताना दोन ओळींचे पत्र द्या. सोडून जाताना, राग असला तरी, अनुभवाचे खरे पत्र द्या.

काही जण म्हणतात, पत्र दिले की मुलगा जातो. जाऊ द्या. ज्याला जावयाचे आहे तो कागदाअभावी थांबला तर त्याचे मन तुमच्या गल्ल्यावर थांबत नाही. माझ्याकडचा तो मुलगा पुढे गेला. आम्ही त्याचा पगार बँकेत टाकू लागलो, त्याने तालुक्यातच संगणकाचा छोटा कोर्स केला आणि दोन वर्षांनंतर उंबरगावला स्टोअरमध्ये लागला. आज त्याच्या ओळखीने तेथे आपली आणखी दोन मुले कामाला आहेत आणि ईदचे कापड तो माझ्याकडूनच नेतो.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, लहान असो की मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, ही ताकीद सूरह बकरामध्ये आहे आणि आपण व्यापारी ती एकमेकांना वारंवार ऐकवतो. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्या, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवणही आपल्याला पाठ आहे. माझ्या मते सहा वर्षे राबलेल्या मुलाचा अनुभव हेही आपल्याकडचे देणेच आहे. मजुरी चुकती केली आणि अनुभवाचे पत्र दिले नाही, तर त्याचे अर्धे देणे आपल्या वहीत बाकी राहिले असे समजावे.

या आठवड्यात प्रत्येकाने एवढेच करावे. आपल्या दुकानात काम करणाऱ्या मुलाला जवळ बसवावे, तो किती वर्षे आहे आणि काय काम करतो ते एका कागदावर लिहावे, सही-शिक्का करून त्याच्या हाती द्यावे. अल्लाह आपल्या मुलांना हलाल आणि इज्जतीची रोजी देवो. आमीन.